जीपचं हूड

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या जीपचं हूड फाटलं. वाऱ्यानं उसवलं किंवा काट्यात अडकलं, असं काही झालं नाही. मागचा पडदा वर गुंडाळायला मी हात लावला आणि पापड मोडावा तसा काळ्या रेक्झिनचा तळहाताएवढा तुकडा हातात आला. आबा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "संपलं ते. आता ओढू नको."

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. इथे जून ते सप्टेंबर पाऊस घरातल्या माणसासारखा मुक्कामाला असतो. बिनहुडाची जीप म्हणजे दारात ठेवलेली पाण्याची टाकीच. महिना-दीड महिना हातात होता. नवीन हूड शिवून घ्यायचं, दोन दिवसांचं काम, असं मला वाटलं होतं.

मोबाईलवर शोधायला लागलो आणि पहिल्याच पायरीवर घसरलो. 'जीप हूड' लिहिलं की ओळीनं पत्र्याची बोनेटं समोर यायची. कारण अमेरिकन इंग्रजीत हूड म्हणजे इंजिनावरचं झाकण. ब्रिटिश इंग्रजीत त्याला बोनेट म्हणतात आणि हूड म्हणजे डोक्यावरचं घडीचं छत. आपण गाडी घेतली अमेरिकनांची आणि तिच्या अवयवांची नावं घेतली ब्रिटिशांची. आमची जीप सीजे-३बी मॉडेलची. जगभरचे शौकीन तिला 'हाय हूड' म्हणतात, पण ते कौतुक छताचं नाही. तिचं 'हरिकेन' नावाचं पेट्रोल इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, म्हणून बोनेट वर उचलावं लागलं, एवढीच ती गोष्ट.

आपल्याला हवं त्याला तिकडे 'सॉफ्ट टॉप' म्हणतात. हा शब्द सापडला आणि मग पुढचा महिना मी त्यातच अडकलो. कारण कापड कुठलं घ्यायचं हे ठरवायचं, तर आधी या गाडीच्या डोक्यावर कापड आलंच का, आणि आजवर कुठकुठलं येऊन गेलं, ते कळायला हवं होतं.

पत्रा का नाही?

जुलै १९४०. फ्रान्स पडून काही आठवडे झाले होते. अमेरिका अजून युद्धात नव्हती, पण तिच्या लष्कराला घाई झाली होती. त्यांनी १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली: चारही चाकांना ताकद पोचेल अशी छोटी टेहळणी गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा. अमेरिकन बँटम नावाच्या, जवळजवळ बुडालेल्या एका छोट्या कंपनीनं ते मनावर घेतलं. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यानं आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना लष्कराच्या तळावर हजर झाला. पुढे हा आराखडा विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांच्या हाती गेला आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनल्या.

लष्कराची पहिली अट वजनाची होती: १,३०० पौंड, म्हणजे साधारण ५९० किलो. ही अट कुणालाच पाळता आली नाही आणि पुढे ती सैल करावी लागली. पण आराखड्यावर तिची छाप पडायची ती पडलीच. जिथे पत्रा टाळता येईल तिथे टाळायचा. दरवाजे नाहीत, छत नाही. समोरची काच बोनेटवर आडवी पडते. डोक्यावर दोन वाकवलेले पाइप आणि त्यावर सुती कॅनव्हास. नको तेव्हा पाइप मागे दुमडायचे आणि कापड गुंडाळून ठेवायचं. गाडी बुटकी दिसते, झुडपात लपते. हल्ला झाला तर चारही जण चारही बाजूंनी उड्या मारू शकतात.

आज 'ओपन टॉप'चं जे आकर्षण आहे, मोकळं आकाश, केसांत वारा आणि त्याचं रील, त्याचं मूळ या वजनकाट्यात आहे.

कॅनव्हास तर जीपपेक्षा कितीतरी जुना. हा शब्द 'कॅनाबिस'वरून आला, कारण पूर्वी जहाजांची शिडं आणि जाड कापड भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्यातून विणत. आपण सर्रास ताडपत्री म्हणतो, त्याला इंग्रजीत टारपॉलिन म्हणतात. त्यातला 'टार' म्हणजे डांबर. खलाशी कापडाला डांबर फासून पाणी अडवत. आपल्या शब्दात मात्र ताडाचं पान ऐकू येतं. पाऊस अडवायला दोन्हीकडच्या लोकांनी जे हाताशी होतं ते वापरलं.

खाकी: साहेब आले

युद्ध संपल्यावर परतणाऱ्या सैन्यांनी भारतात मागे ठेवलेल्या गाड्या 'डिस्पोजल'मध्ये विकल्या गेल्या. त्यात जीपही होत्या. पण जीप इथे रुजली ती मुंबईतून. के. सी. महिंद्र आणि जे. सी. महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू केली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये इथल्या कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. माझगावच्या कारखान्यात विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार व्हायला लागल्या, आणि हळूहळू ते भागही इथेच बनू लागले. आज थार घेऊन फिरणाऱ्या कुणाच्याही गाडीची पणजी माझगावची आहे.

२ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गावोगावी विकास गट, गटाला अधिकारी आणि अधिकाऱ्याला जीप. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, जीप आणखी वाढल्या. लसीकरण, हिवताप निर्मूलन, कुटुंब नियोजन, पाझर तलावांची पाहणी, निवडणुका. जिथे डांबरी रस्ता संपायचा तिथून पुढे सरकार जीपनं जायचं. खेड्यातल्या दोन पिढ्यांनी सरकार नावाची गोष्ट पहिल्यांदा पाहिली ती खाकी हुडाखाली बसलेली.

१९७२ च्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायच्या कामावर होती. ती सांगायची, लांबून धुरळा दिसला की मुकादम ओरडायचा, "जीप आली!" आणि सगळ्या बायका पदर सावरून हातोडी उचलायच्या. जीपमधला माणूस कोण, हे कुणालाच ठाऊक नसायचं. 'साहेब आले' असं कुणी म्हणतच नसे. जीप आली म्हणजे साहेब आला.

आमची जीप यातलीच एक. नोंदणी पुस्तकावर साल १९६७. एका सरकारी खात्यात सोळा-सतरा वर्षं झिजून ती लिलावात निघाली आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, एक म्हैस आणि आजीच्या पाटल्या विकून ती घेतली. ज्या गाडीचा धुरळा बघून आजी हातोडी उचलायची, तिच्याच जातीची गाडी दारात उभी राहिली. आजी पहिले आठ दिवस तिच्यात बसलीच नाही म्हणे.

काळं: वडाप

आता एसटीकडे येतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्या पहिल्या गाडीची बांधणी लाकडी होती आणि छत कापडी होतं. म्हणजे आपल्या सार्वजनिक प्रवासाची सुरुवातही हुडाखालीच झाली. पुढे एसटीला पत्र्याचं छत आलं, तिनं राज्य जोडलं, सगळं खरं. पण डोंगरातल्या वाडीला दिवसातून दोनदा येणारी गाडी बाजाराच्या वेळेला असेलच असं नाही, आणि दवाखान्याच्या वेळेला तर नाहीच.

ती फट वडापनं भरली. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे कुणाला वडाप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो: माणसं भरेपर्यंत थांबायचं, भरली की निघायचं आणि वाटेत हात केला की आणखी भरायची. कायद्यात ती बसत नव्हती. पण बाळंतीण, बोकड, खताचं पोतं आणि दहावीचं हॉलतिकीट घेऊन निघालेलं पोर असं सगळं तिच्यात बसत होतं. आबांनी अठरा वर्षं वडाप केली. दंडाच्या पावत्यांचा एक डबा आमच्याकडे अजून आहे.

वडाप सुरू झाली तेव्हा तात्यांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं आणि खाकी कॅनव्हास काढून काळं रेक्झिन घातलं. इंजिनाचं कारण उघड आहे. हुडाचं कारण मला आता, मिस्त्रींकडे गेल्यावर कळलं.

सुती कॅनव्हास पाणी अडवतो तो मोठ्या गमतीनं. त्याचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं आपोआप बुजतात. वर मेणाचा हात असेल तर आणखी चांगलं. म्हणूनच नव्या सुती तंबूला आधी एकदा भिजवून वाळवतात, म्हणजे सुईची भोकंही बुजतात. पण भिजलेल्या कॅनव्हासला आतून डोकं किंवा हात टेकला, की नेमकं तिथूनच पाणी झिरपायला लागतं. चार साहेब ऐसपैस बसले असतील तर काही बिघडत नाही. वडापमध्ये मागे आठ-दहा माणसं, मांडीवर पोरं, उभी धरलेली बोचकी. प्रत्येक डोकं छताला टेकलेलं, आणि प्रत्येक डोक्यावर थेंब. रेक्झिनला डोकं टेकलं तरी फरक पडत नाही, कारण त्याच्यात पाणी शिरायला वीणच उघडी नसते.

खाकी जाऊन काळं आलं, त्यात फॅशनचा काही संबंध नव्हता. हुडाखालची माणसं बदलली होती आणि त्यांची संख्या बदलली होती.

मिस्त्रींच्या दुकानात

कोल्हापुरात एक मिस्त्री आहेत, जीपची हूडं आणि सीटा शिवतात. आधी त्यांच्या वडिलांचं दुकान होतं. त्यांनी माझ्यासमोर चार कापडं टाकली. तुमच्याकडेही जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल म्हणून नीट सांगतो.

पहिलं, सुती कॅनव्हास. हवा खेळते, उन्हात आतमध्ये भट्टी होत नाही, फाटलं तर कुणीही ठिगळ लावतं. पण ओलं गुंडाळलं की बुरशी धरते, आणि बुरशीनं सूतच खाल्लं की त्यावर इलाज नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनजवळच्या विल्सडेनमध्ये तांब्याच्या द्रावणात कॅनव्हास भिजवून त्यावर उपाय काढला होता; त्या कापडाला हिरवट रंग यायचा. बुरशीला तांबं मानवत नाही. आपल्या द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण मारतात, त्यामागेही हीच गोष्ट.

दुसरं, रेक्झिन. मुळात रेक्झिन हे इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन ते नकली चामडं बनवत. नाव आपल्याकडे राहिलं, माल बदलला. आज रेक्झिन म्हणून मिळतं ते पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड. पीव्हीसी मूळचं कडक आणि ठिसूळ. ते मऊ कसं करायचं, ही युक्ती १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाला सापडली: त्यात तेलासारखं द्रव्य मिसळायचं. तेच द्रव्य वर्षानुवर्षांच्या उन्हात उडून जातं आणि कापड पुन्हा ठिसूळ होतं. माझ्या हातात आलेला पापड तो हाच.

तिसरं, सूत आणि पॉलिस्टर मिसळलेलं कॅनव्हास. बुरशीला थोडं जास्त पुरतं, आटतं कमी, पण निव्वळ सुतासारखं फुगत नाही. त्यामुळे सगळी मदार वरच्या लेपावर.

चौथं, ॲक्रिलिक. परदेशात चांगल्या हुडांना आणि बोटींना वापरतात. त्याचा रंग धागा बनवतानाच आत घातलेला असतो. भाकरीवर वरून तीळ लावणं वेगळं आणि पिठातच मळणं वेगळं, तसं. उन्हानं रंग सहजी उडत नाही. किंमत ऐकून मी ते बाजूला ठेवलं.

"आणि दोरा?" मिस्त्रींनी स्वतःच विचारलं. "दादा, लोक कापड बघतात, दोरा बघत नाहीत. हूड कधी मधनं फाटत नाही. शिवणीवरच जातं." सुती दोरा फुगून सुईची भोकं बुजवतो पण कुजतो. पॉलिस्टरचा कुजत नाही पण भोकं उघडी ठेवतो. म्हणून आत पॉलिस्टर आणि वरून सूत असा दोरा घ्यायचा, आणि शिवण जीन्सच्या पँटीसारखी दुमडून दुहेरी मारायची. दुमड नेहमी खाली तोंड करून, म्हणजे पाणी तिच्यात साचत नाही.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं आणि मग माझा बेत सांगितला. मोबाईलवर पाहून पाहून तो ठरला होता. लष्करी हिरवं हूड, बोनेटवर पांढरी चांदणी, एकदम १९४४ सालची जीप. आबांना दाखवायला चित्रही काढून ठेवलं होतं.

मूळ कुठलं?

आबांनी चित्र बघितलं. मोबाईल परत दिला.

"ही गाडी कुठल्या लढाईला गेली होती?"

"आबा, जीप मुळात लष्करीच की. ओरिजिनल लूक आहे तो."

"कुणाचा ओरिजिनल?" ते म्हणाले. "आपली गाडी सदुसष्टची. तेव्हा लढाई संपून बावीस वर्षं झालती. तुला चांदणी काढायची तर काढ. पण ती दुसऱ्याच्या गाडीची गोष्ट हाय."

मी चिडलो. पण रात्री झोप येईना, कारण उत्तर सापडत नव्हतं. मी जे 'मूळ रूप' म्हणत होतो ते आमच्या जीपनं एक दिवसही अंगावर घातलं नव्हतं. कारखान्यातून निघालेल्या रूपाला मूळ म्हणायचं, तर ते खाकी आणि सरकारी. त्या रूपात आमच्या घरातलं कुणी तिच्यात बसलंच नव्हतं. आजी तर तिचा धुरळा खात होती. आणि ज्या काळ्या रूपात या गाडीनं आमचं घर चालवलं, माझ्या आत्याचं लग्न केलं, मला इंजिनिअरिंगला घातलं, ते रूप मला 'ओरिजिनल' वाटत नव्हतं. ते मला, खरं सांगायचं तर, लपवायचं होतं. कॉलेजमध्ये मी कधीच सांगितलं नाही की आबा वडाप करायचे. 'ट्रान्सपोर्टचा बिझनेस' असं सांगायचो. हिरवं हूड आणि चांदणी हा त्याच खोट्याचा पुढचा भाग होता.

कायद्याकडे वळून पाहिलं, तर तिथेही 'मूळ' हा शब्द वाट अडवून उभा. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा बदल नको. शिवाय तिला रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या जीपला डिझेल इंजिन लागलं त्याच दिवशी ती त्या वाटेवरून उतरली. मग एका मित्रानं सुचवलं, फायबरचं कायमचं छत बसव, कटकट मिटेल. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीनं ठरवलेल्या रूपाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. गाडी कापडी छताची म्हणून नोंदलेली असेल तर छत बदलण्याआधी परिवहन कार्यालयात विचारा; तुमचं नुकसान टळेल.

कायद्याचं मूळ म्हणजे कारखाना. माझं मूळ म्हणजे सिनेमातलं युद्ध. आबांचं मूळ म्हणजे पाटण स्टँड. आणि कापड तर एकच घ्यायचं होतं.

उसवण

मे महिन्यात आम्ही दोघं जीप घेऊन कोल्हापूरला गेलो. मिस्त्रींनी हुडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हे मला उसवावं लागेल. पार शिवणीशिवणीनं. त्याच्यावरनंच फर्मा निघतो. मापं घेऊन शिवलेलं हूड पाइपावर बसतं, पण ताणात येत नाही. जुन्याचा ताण जुन्यालाच ठाऊक."

म्हणजे जुनं हूड राहणार नव्हतं. मला वाटलं होतं, ते घडी करून माळ्यावर ठेवता येईल. मी आबांकडे बघितलं. ते म्हणाले, "उसवा."

दुकानाच्या फरशीवर हूड पसरलं. मिस्त्री ब्लेडनं टाके कापत गेले आणि आबा एकेका तुकड्याकडे बघून सांगत गेले. हे ठिगळ कुंभार्ली घाटात फांदी लागली तेव्हाचं. हा पट्टा बदलला कारण रात्री एका बाळंतिणीला कराडला नेताना पडदा उडायला लागला आणि तिच्या सासूनं तो सगळी वाट हातानं धरून ठेवला. तिच्या बोटांचा ताण बसून शिवण गेली. पोरगी झाली होती. आता ती पोरगी कुठल्याशा बँकेत असते.

मधल्या पाइपाच्या जागी मिस्त्रींचा हात थांबला. पाइप घासून हूड नेमकं तिथेच फाटतं, म्हणून आतून जाड पट्टी लावायची पद्धत असते. ती पट्टी उसवली, तर खाली खाकी कॅनव्हास निघाला. विटलेला, पण धागा शाबूत. तात्यांच्या वेळच्या कारागिरानं जुनं सरकारी हूड फेकून दिलं नव्हतं. त्याचीच पट्टी कापून काळ्याच्या आत लावली होती. वडापची अठरा वर्षं ज्या जागी सगळ्यात जास्त घासलं गेलं, तिथे साहेबाच्या जीपचं कापड भार घेत होतं.

आबांनी ती पट्टी हातात घेतली, वास घेतला. "ह्याला अजून बी पावसाचा वास हाय," एवढंच म्हणाले.

तिथेच आमचं ठरलं. छत काळं, पीव्हीसी लेपाचं, जाड प्रतीचं. कारण छतावर चार महिने पाणी बसतं आणि ते रोज काढून वाळवता येत नाही. बाजूचे आणि मागचा पडदा खाकी सुती कॅनव्हासचे. कारण ते टिचबटणांवर लागतात, संध्याकाळी काढून पडवीत वाळत घालता येतात, आणि बंद असले तरी आत कोंडत नाही. वाळवण्याचं काम रोज कोण करणार, असं मिस्त्रींनी विचारलं. "मी रिकामाच हाय," आबा म्हणाले. मागच्या पडद्याला पारदर्शक खिडकी मोठी घेतली, कारण आबांची मान आता पुरती वळत नाही. ती कधी घडी घालायची नाही, गुंडाळायची. घडीवर ती चिरते. छत बसवायचं काम भर दुपारी उन्हात केलं, कारण पीव्हीसी थंडीत आखडतं आणि उन्हात सैलावतं. गार असताना ओढून बसवलं तर उन्हात पोट सोडतं.

आणि मधल्या पाइपाखाली ती जुनी खाकी पट्टी पुन्हा लावली. मिस्त्री म्हणाले, नवी घालतो, ही कशाला? पण मग तिला बोटांनी ताणून बघितली आणि काही न बोलता मशीनखाली सरकवली.

गाडी दोन रंगांची दिसते. जीपवाल्या मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर एकानं विचारलं, "कापड कमी पडलं का?" मी लिहिलं, "वडापची गाडी आहे, माझ्या वडिलांची." असं मी पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. आबांना घेऊन हेळवाकपर्यंत गेलो. छतावर ताशा वाजत होता, बोलणं ऐकू येत नव्हतं. पाण्याचा थेंब कुठे दिसत नाही म्हणून मी खूश होतो, तेवढ्यात माझ्या उजव्या गुडघ्यावर टप्प करून पडला. मग दुसरा. काचेच्या कोपऱ्यातून, जिथे छत आणि पडदा भेटतात तिथून.

मी वैतागून आबांकडे बघितलं. ते हसत होते.

"तिथं पहिल्यापास्नं गळतं," ते म्हणाले. "फर्मा तोच हाय ना."